पाच फूट सहा

माझा राग चटकन चढतो आणि उतरायला मात्र वेळ लावतो. आई म्हणते, "चढायले अंतर हाय ना एवढं, उतरायलेबी तेवढंच लागन." आमच्या घरात माझ्या उंचीवरून होणारा एवढा एकच विनोद, आणि तोही आईचा. बाबांना या विषयावर कधीच हसू येत नाही.

मी सपना, पुलगावची. माझी उंची पाच फूट दहा इंच. इथे असं सरळ सांगून टाकलं, पण घरात हा आकडा कोणी मोठ्याने बोलत नाही. बाबा, म्हणजे प्रभाकरराव, मिलिटरीच्या डेपोत नोकरीला. ते जेमतेम पाच-पाच आणि आई त्यांच्या खांद्याला लागते. मी आंजी गावच्या मामांवर गेले. मामा कुठल्याही घरात शिरताना चौकट लागू नये म्हणून आधी कपाळाला हात लावतात, मग आत येतात.

मुलगी उंच झाली तर काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. तुमच्या घरी नसेल उंच मुलगी. माझं बी.ए. झालं, बी.पी.एड. झालं, विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीममधून मी सेंटरला खेळले, आणि या सगळ्या काळात आमच्या बैठकीत पाहुणे येऊन पोहे खाऊन जात राहिले. पहिलं स्थळ आलं तेव्हा मी सरळ उभी राहून नमस्कार केला. मुलगा पाच फूट सहा. त्याची आत्या माझ्याकडे मान वर करून पाहात म्हणाली, "अगं माय, हे तं विजेचा खांब हाय!" पाहुणे गेल्यावर बाबा अंगणात नुसतेच उभे राहिले. जेवले नाहीत.

तेव्हापासून घरात एक रीत पडली. साडी घोट्याखाली चार बोटं जास्त सोडायची. निऱ्या सैल ठेवायच्या. आणि आत गुडघे वाकवून उभं राहायचं, खुर्चीवर बसता बसता कोणी मधेच थांबवावं तसं. चालायचंही तसंच. आईने स्वयंपाकघरात फडताळासमोर उभं करून माझी तयारी करून घेतली. बाबा दाराजवळ बसायचे आणि मी विसरून सरळ झाले की हळूच खाकरायचे. ते खाकरणं मला इतकं पाठ झालं की बसस्टँडवर कोणी परकं माणूस खाकरलं तरी माझे गुडघे आपोआप सैल व्हायचे. पाहुण्यांनी उंची विचारली की बाबा सांगायचे, पाच-सहा. आणि पुढे जोडायचे, "खेळ तं तिनं कवाचाच सोडला जी."

गंमत बघा, बास्केटबॉलमध्ये डिफेन्सला उभं राहायचं तर असेच गुडघे वाकवावे लागतात. कॉलेजात आमचे कोच अण्णाजी सर तासन् तास तेच करून घ्यायचे. म्हणून तर मला पाहुण्यांसमोर तसं पाऊण तास उभं राहता यायचं. सरांना हे कळलं असतं तर त्यांनी कपाळच बडवून घेतलं असतं.

अण्णाजी सर गेल्या दिवाळीत रिटायर झाले. मुलींच्या टीमला हेड कोच उरला नाही. हेड म्हणायचं आपलं. एक कोच आणि एक नत्थू, जो बॉलमध्ये हवा भरतो आणि चुन्याने रेघा मारतो, एवढीच फौज. पण कोर्ट चांगलं, सिमेंटचं, आणि पोरी त्याहून चांगल्या. सरांनी जाताना मला सांगितलं, "सपना, नवा माणूस येईपर्यंत पोट्ट्यायकडे लक्ष ठेवजो." मी ठेवलं. रोज संध्याकाळी जायचे. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी नको म्हटलं नव्हतं.

त्या टीमची कॅप्टन अंकिता. माझ्याहून बोटभर कमी, पण उडी अशी की रिंगच्या खाली तिच्याशिवाय कोणाच्या हाताला बॉल लागायचा नाही. ती ओमप्रकाश शेटजींची मुलगी. शेटजी म्हणजे आमच्या बाजारातलं मोठं कापडाचं दुकान, आणि कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्षही तेच. पोरगी पक्की खट्याळ. दमली की सगळ्यांच्या नजरा चुकवून कमरेपाशी एक हात आडवा धरायची आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याला खालून टेकवायची. टाइम-आऊटची खूण. खेळाडूला टाइम-आऊट मागता येत नाही, तो कोचने स्कोअररच्या टेबलापाशी जाऊन मागायचा असतो, म्हणून ती माझ्याकडे मागायची. मी ओरडायचे, "मॅचमध्ये नाटकं चालणार नाहीत हं!" आणि टाइम-आऊट द्यायचे. नाही दिला असं एकदाही झालं नाही.

मला ती जागा हवी होती. हे उगाच आडवळणाने कशाला सांगू? हावरटासारखी हवी होती. त्या कोर्टवर मी सरळ उभी राहायचे आणि पोरी माझ्याकडे वर पाहून शिकायच्या. जगात दुसरी अशी जागा मला ठाऊक नव्हती.

संक्रांतीनंतर निरोप आला. निवड शेटजींच्या घरी होणार, रविवारी सकाळी, आणि सपनाबाईंनी वडिलांना घेऊन यावं. शेटजींची ही पद्धतच. घरच्या मोठ्या माणसांशी बोलल्याशिवाय ते कोणाला कामावर ठेवत नाहीत. वर्ध्याचा पियुष नावाचा दुसरा उमेदवार होता, त्याचे म्हणे काका येऊन गेले.

मी ट्रॅकसूट काढून ठेवला होता. बाबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "मोठ्या मानसाच्या घरी जाऊन राह्यलो आपन. साडी नेस." मी नेसले. आईने निऱ्या सारख्या केल्या आणि सवयीने खाली चार बोटं जास्त सोडल्या. मलाही काही वेगळं वाटलं नाही.

शेटजींचं घर दुकानाच्या वर. जिना चढून बैठकीच्या दारात आलो. आत गाद्या-तक्के, शेटजी, आमचे प्राचार्य, आणि संस्थेचे मेंबर चिंधूभाऊ, समुद्रपूरकडचे मोठी शेती असलेले कास्तकार. बाबा दारातच खाकरले. मुद्दाम नसेल, जिना चढून दम लागला असेल. पण माझे गुडघे वाकले. मी तशीच आत गेले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

मग पोहे आले. शेटजींच्या पत्नी विमलाबाईंनी बशी बाबांच्या हातात दिली. बशी हातात येताच बाबा सावरून बसले. टोपी नीट केली. तो चेहरा मला ओळखीचा होता.

प्राचार्यांनी सुरुवात चांगली केली. म्हणाले, "सपनाताईंचा अनुभव सगळ्यांना माहीत आहे. खेळाशी त्यांचा संबंध अजून..."

"नाई जी," बाबा अदबीने मधेच म्हणाले, "खेळ तं तिनं कवाचाच सोडला. घरकामात हुशार हाय. सैपाक सगळा येते."

प्राचार्य चष्मा काढून पुसू लागले. मी बाबांच्या कोपराला चिमटा काढला तर ते माझ्याकडे पाहून हसले. त्यांना वाटलं, मी शाबासकी देतेय! हसावं की रडावं कळेना. बारा घरचे पाहुणे बसवून बसवून माझ्या बापाच्या तोंडाला जे वळण पडलं होतं, तेच आता चालू होतं. त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं हो. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

चिंधूभाऊ म्हणाले, "मास्तरीन बाई साजरी हाय, म्या कुठं नाई म्हनतो? पन ते टोपलं एवढं वर टांगून राह्यते. मंग शिकवनारा उंच नको? तो पियुष सा फूट हाय म्हनते."

"चिंधूभाऊ, ताई काही कमी नाहीत," प्राचार्य उत्साहाने म्हणाले. "पाच फूट दहा आहेत त्या!"

मी मनातल्या मनात हात जोडले. पण बाबांच्या हातातली बशी खाली आली होती.

"नाई नाई, सर. पाच-सहा. पाच-सहाच हाय पोरगी."

"प्रभाकरराव, अहो, सेंटरला खेळायच्या त्या..."

"बाप हाय मी तिचा! मले नाई मालूम?"

चिंधूभाऊंनी एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "मंग सरायले पाच-दहा कोनं सांगतलं? बाईनंच ना? आता उंचीतच चार इंच वाढवून सांगतले, तं बाकीच्या गोष्टीचं कसं धरावं मानसानं?"

झालं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे मी पाच-दहा असेन तर माझा बाप खोटारडा, आणि पाच-सहा असेन तर मी. तिसरी वाटच नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं, पण बाबा माझ्याकडे पाहात होते. डोळ्यांत धाक नव्हता, विनवणी होती. चारचौघांत माझ्या बापाने माझ्याकडे असं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

शेटजी हसले. "अरे भई, झगडा कायले? कपड्याचं दुकान हाय आपलं. मापून टाकू, खतम बात."

त्यांनी खाली हाक मारली. दुकानाच्या ओट्यावर बसणारा शिंपी टेप घेऊन वर आला, आणि कापड मोजायचा लोखंडी गजही आणला. मला भिंतीपाशी उभं केलं. परक्याच्या मुलीला हात कसा लावायचा म्हणून शेटजींनी विमलाबाईंना पुढे केलं. त्यांनी गज आडवा धरून माझ्या डोक्यावर ठेवायचा आणि शिंप्याने भिंतीवर पेन्सिलने खूण करायची. तागा मोजतात तसा मला मोजत होते, आणि माझे हात लोंबकळत होते. ते कुठे ठेवावेत तेही समजेना. मी एम.आय.डी.सी.च्या टीमला एकटीने रडवणारी बाई!

बाबा खाकरले.

या वेळी मुद्दाम. आणि मी गुडघे वाकवले.

सवयीने वाकवले, असं म्हणता आलं असतं. पण नाही, मला पूर्ण कळत होतं. जागा जाणार, हेही कळत होतं. तरी त्या माणसाला त्या लोकांसमोर खोटं पाडायचं माझ्याने झालं नाही. डोक्यावर गज टेकला. विमलाबाईंची नजर सहज खाली गेली. माझी साडी फरशीवर वीतभर पसरली होती. त्यांनी परत वर माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. मला वाटलं बोलतील. उलट त्यांनी मायेने माझा पदर नीट केला, जणू मी काही चांगलं काम करत होते.

शिंप्याने टेप लावली. "पाच फूट साडेसा."

"पाहा," चिंधूभाऊ म्हणाले.

प्राचार्य गादीवरच्या नक्षीकडे पाहात पुटपुटले, "मग माझीच काहीतरी चूक झाली असेल." बिचाऱ्यांनी मला रोज कोर्टवर पाहिलं होतं. माझ्यासाठी ते स्वतःच्या डोळ्यांना खोटं म्हणाले. आणि बाबा? बाबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि बशीतला राहिलेला घास तोंडात घातला. त्या घासाची मला जी लाज वाटली, ती मी कोणाला सांगू?

शेटजी म्हणाले, "चला. चहा घ्या, बाई." म्हणजे विषय संपला.

चहाचा ट्रे घेऊन अंकिता दारात उभी होती. केव्हापासून होती कोण जाणे. तिने ट्रे सरळ जमिनीवरच ठेवला.

"पापा, ताईनं गुडघे वाकवलेत."

"अंकिता, अंदर जा."

"साडी पाहा ना खाली! किती सांडलीय. पापा, मला माहीत आहे ना. अमरावतीवाले आले तेव्हा मम्मीनं मलाही असंच उभं केलं होतं. तुम्हीच सांगितलं त्यांना, पाच-चार."

शिंपी छताच्या पंख्याकडे बघू लागला. विमलाबाईंच्या हातातला गज अजून माझ्या डोक्यावरच होता. शेटजींचा गोरा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. अंकिताचं लग्न त्या अमरावतीच्या घरी ठरलेलं होतं आणि साऱ्या पुलगावला ते ठाऊक होतं. चिंधूभाऊ, जो माणूस दोन मिनिटं गप्प बसू शकत नाही, तो दाढी खाजवत बसला.

आणि मग माझे बाबा उठले. बशी खाली ठेवताना ती कलंडली आणि पोहे गादीवर सांडले, ते त्यांनी घाईघाईने हाताने गोळा केले, आणि मुठीत पोहे धरूनच बोलले.

"शेटजी, पुन्हा मोजा. पोट्टीची चूक नाई. म्याच शिकवलं तिले. साऱ्या पाहुन्यायले म्याच खोटं सांगतलं, आन् आज सवयीनं इथंबी तेच निंगालं तोंडातून." मग माझ्याकडे वळले. "सपने, सरळ उभी राह्य."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

मी गुडघे सरळ केले. डोक्यावरचा गज वर गेला, विमलाबाईंचे हात पुरेनात, त्यांनी टाचा उचलल्या. शिंप्याने दुसरी खूण केली. पाच-दहा आणि वर थोडं. भिंतीवर दोन रेघा झाल्या, आणि त्यांच्या मधली जागा सगळे पाहात राहिले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला वाटत होतं, फरशी उकलावी आणि आम्हा बापलेकीला आत घ्यावं. वरून पाहिलं तर बाबा किती लहान दिसत होते. अंकिताला तिच्या आईने दंडाला धरून आत नेलं. जाताना ती माझ्याकडे बघून हसली, मॅच मारल्यावर हसायची तशी.

घरी येताना बाबा माझ्या मागे चालत होते. मी थांबले की थांबायचे. शेवटी मीच म्हटलं, "चला ना बाबा, बाजूनं." तर म्हणाले, "चाल तू. येतो मी." आई दारात वाट पाहात होती. तिने आमचे चेहरे पाहिले आणि पाणी दिलं.

चार-पाच दिवस काहीच कळलं नाही. मी धरून चालले की जागा गेली. कोर्टवर गेले तर अंकिता नव्हती. पोरी म्हणाल्या, तिला ताप आहे. मग एका संध्याकाळी आमच्या दारात गाडी थांबली आणि खुद्द ओमप्रकाश शेटजी उतरले. हातात पेढ्यांचा पुडा आणि लग्नाची पत्रिका.

"मुबारक हो, सपनाबाई," ते म्हणाले. "हेड कोच तुम्हीच. कमिटीनं एकमतानं ठरवलं. चिंधूभाऊपण राजी."

बाबांनी हात जोडले. आईने देवाजवळ दिवा लावायला धाव घेतली. मला मात्र पत्रिकाच दिसत होती. लग्न उन्हाळ्यात, परीक्षा झाल्यावर व्हायचं होतं. ही तारीख पुढच्याच महिन्यातली.

"अंकिता प्रॅक्टिसला येत नाही," मी म्हटलं.

"तिचं कॉलेज आता बंद. लग्नानंतर पाहू."

"शेटजी, इंटर-कॉलेज तोंडावर आलंय. ती कॅप्टन आहे."

"टीमचं तुम्ही पाहा ना, हेड कोच तुम्ही." ते हसले. मग आवाज खाली आला. "ती त्या दिवशीची गोष्ट... बच्ची हाय, बोलून गेली. लग्नात अमरावतीची मंडळी राहतील. तुम्ही पण या, प्रभाकररावांना घेऊन या. बस, घरची बात घरात राहिली पाहिजे. तुम्हाला सांगायले नको, तुम्ही समजदार हाय."

धमकी नव्हती हं ती. शेटजी धमक्या देत नाहीत. उलट ते जवळजवळ माझ्या विनवण्या करत होते, आणि डोळ्यांत अगदी तेच होतं जे त्या दिवशी माझ्या बापाच्या डोळ्यांत होतं. मी चिडायला हवं होतं. एवढा माझा प्रसिद्ध राग, रिक्षावाल्यावर निघतो, नत्थूवर निघतो, दुधात पाणी घालणाऱ्यावर निघतो. त्या दिवशी कुठे मेला होता कोण जाणे! मी म्हणायला हवं होतं की त्या पोरीला निदान स्पर्धेपुरती तरी सोडा. म्हणायला हवं होतं की तिच्या बदल्यात ही जागा मिळत असेल तर मला नको. मी पुडा उघडला आणि एक पेढा घेतला.

"कोणी काही बोलणार नाही," मी म्हटलं.

शेटजी गेल्यावर बाबा बराच वेळ पत्रिका उलटसुलट करत बसले. मग म्हणाले, "लेकरू खरं बोललं होतं." मी म्हटलं, "बाबा, आता राहू द्या." आवाज माझाच होता, पण बोलणं अगदी त्यांच्यासारखं निघालं.

लग्न परवा झालं. मी जाणारच नव्हते, पण बाबा म्हणाले, न जाणं बरं दिसत नाही. मंगल कार्यालयात साऱ्या बाजाराची गर्दी. वरमाला सुरू झाली तेव्हा आम्ही मागे उभे होतो, तरी मला सगळं स्टेज दिसत होतं. मला कुठेही दिसतं. नवरा मुलगा फेटा बांधून पाच-सहाच्या आसपास, चेहरा भला वाटला, हसत होता. त्याच्यासमोर अंकिता. लाल घागरा, मेंदी कोपरापर्यंत, आणि नवऱ्यापेक्षा दोन बोटं कमी.

मी खाली पाहिलं. घागऱ्याची जरीची किनार स्टेजवर वीतभर सांडली होती. विमलाबाई तिच्या शेजारी माळांचं ताट घेऊन उभ्या, आणि त्यांचा मोकळा हात मुलीच्या कमरेवर होता. दिसायला मायेचा हात. तो खाली दाबत होता, हे तिथे मला आणि बाबांनाच दिसलं. बाबांनी मान खाली घातली आणि चपलेच्या अंगठ्याकडे पाहात राहिले.

बँडवाल्यांचं काहीतरी चुकलं, भटजी त्यांच्यावर ओरडले, आणि सगळं क्षणभर थांबलं. अंकिताने मान वर करून गर्दीवरून नजर फिरवली. तिला मला शोधायला वेळ लागला नाही, सगळ्यांच्या वर माझंच डोकं होतं. ती हसली. आणि मग कमरेपाशी, कोणाला दिसणार नाही असा, मेंदीचा एक हात तिने आडवा धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याला खालून टेकवलं.

पोरगी थट्टा करत होती. मी स्वतःला तेच सांगितलं. पण बोट तिने काढून घेतलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, हसू हळूहळू कमी होत गेलं, आणि घागऱ्याच्या आत तिचे गुडघे दुखत असणार, किती दुखतात ते मला माहीत आहे.

टाइम-आऊट कोचनेच मागायचा असतो. मी पूर्ण सरळ उभी होते, मंडपातल्या कोणालाही दिसेन अशी, आणि माझे दोन्ही हात खालीच राहिले. बँड सुरू झाला. तिने हात सोडले आणि माळ उचलली.